डोक्यावरचं आणि पाठीमागचं

पुण्यात सायकली दोन वेगळ्या वेळांना दिसतात. रविवारी पहाटे सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालेल्या गिअरच्या सायकली असतात. अंगाला घट्ट बसणारे रंगीत टी-शर्ट, दांड्याला पाण्याची बाटली, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. दुसरी वेळ संध्याकाळची, हडपसर किंवा भोसरीच्या बाजूची. काळी, जड, बिनगिअरची सायकल, कॅरिअरला करकचून बांधलेला डबा, हँडलला भाजीची पिशवी, मागच्या मडगार्डवर एके काळी लाल रिफ्लेक्टर होता हे सांगणारं नुसतं भोक. स्वार रात्रपाळीला निघालेला सुरक्षारक्षक असतो, नाहीतर दिवसपाळी संपवून घरी चाललेला कामगार. पहिल्या मंडळींत बिनहेल्मेटचा माणूस सापडणं कठीण, दुसऱ्यांत हेल्मेटवाला. या फरकाचं ठरलेलं स्पष्टीकरण आपल्याकडे तयार असतं: एकाला जागरूकता आहे, दुसऱ्याला नाही. मला ते आळशी स्पष्टीकरण वाटतं. रोजच्या कामाला सायकल वापरणारा माणूस हेल्मेट घालत नाही तो बहुतेकदा अडाणीपणाने नव्हे. आपल्याला धोका कुठून आहे हे त्याला आपल्यापेक्षा बरं कळतं, म्हणून घालत नाही. हेल्मेट चांगली वस्तू आहे. पण ते घालायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यावं, आणि शहराने आपली शक्ती दुसरीकडे लावावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी हेल्मेटचं देणं चुकतं करू. सायकलचं हेल्मेट म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या कवचाआड थर्माकोलचा जाड थर. कवटी जमिनीवर आदळते तेव्हा तो थर दबतो, चिरडतो, आणि मेंदूला बसणारा हिसका काही सहस्रांश सेकंद लांबवून सौम्य करतो. काम एकदाच, म्हणूनच जोरात आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. युरोपातल्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट लोखंडावर साधारण दीड मीटरवरून, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आपटतात. खड्ड्यात चाक अडकून किंवा पावसाळ्यात रंगवलेल्या पट्ट्यावर घसरून पडणाऱ्या सायकलस्वाराचा मार साधारण असाच असतो. तिथे थर्माकोल इमानाने काम करतो. १९८९ साली सिअ‍ॅटलमधल्या डॉक्टरांनी रुग्णालयांत आलेल्या सायकलस्वारांचा अभ्यास करून हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असं मांडलं. तो आकडा पुढे जगभरच्या भित्तिपत्रकांवर गेला. नंतरच्या अभ्यासांनी तो बराच खाली आणला, पण शून्यावर नव्हे. २०१६ साली चाळीस अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात डोक्याच्या एकूण दुखापती निम्म्याने आणि गंभीर दुखापती सुमारे ६९ टक्क्यांनी कमी निघाल्या. हेल्मेट म्हणजे निव्वळ थोतांड असं म्हणणारे काही सायकलप्रेमी असतात. या आकड्यांपुढे त्यांचं म्हणणं टिकत नाही.

मात्र हे आकडे एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतात. माणूस पडला, त्याला लागलं, तो रुग्णालयात पोचला. आता डोक्याचं काय झालं? तो पडला कशामुळे, त्याला कोणी पाडलं, हा प्रश्न त्यांच्या हिशेबातच नाही. आपल्या रस्त्यांवर तो मोठा आहे. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सायकलस्वार त्यांत चार हजारांहून अधिक होते. रोजच्या वाटेवर सायकलवाला ताशी बारा-पंधरा किलोमीटरने चालतो. त्या वेगाने तो आपला आपण मरण्याइतका क्वचितच पडतो. त्याचा काळ मागून येतो: कट मारून जाणारी मोटार, वळताना डाव्या बाजूला न पाहणारा डंपर, अंधारात समोर कोणी आहे हे उशिरा कळलेली बस. डंपरचं चाक छातीवरून जातं तेव्हा डोक्यावर थर्माकोल होता की नव्हता याला अर्थ राहत नाही. याउलट ज्यांच्याकडे वेग असतो, त्यांच्यासाठी हेल्मेट फार मोलाचं. गंमत अशी की उतारावर मोटारीच्या वेगाने सायकल हाकणाऱ्या युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धकांनीच १९९१ च्या पॅरिस-नीस शर्यतीत सक्तीविरुद्ध बंड केलं होतं. २००३ साली त्याच शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून गेला, आणि मग जागतिक सायकल संघटनेने सक्ती आणली. ती योग्यच होती. सिंहगडाच्या उतारावर ब्रेकवर बोटं ठेवून येणाऱ्यालाही मी हेल्मेट घाल असंच सांगेन. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेल्याला तोच नियम कशासाठी, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. त्याच २०२२ साली पादचारी मेले ते ३२ हजारांहून अधिक. पायी चालणाऱ्याने हेल्मेट घालावं असं अजून कोणी सुचवलेलं नाही.

सक्ती केली तर काय होतं हे अंदाजाने सांगायची गरज नाही, ते करून पाहिलेले देश आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. असा कायदा जगात पहिलाच होता. दोनेक वर्षांत तो देशभर पसरला, १९९४ मध्ये न्यूझीलंडनेही केला. डोक्याच्या दुखापती घटल्या, पण रस्त्यावरच्या सायकलीही घटल्या. न्यू साउथ वेल्समध्ये मोजणीच्या ठिकाणी सायकलवर दिसणारी मुलं पहिल्याच वर्षी एक तृतीयांशाहून अधिक कमी झाली. दुखापतींतली घट किती हेल्मेटमुळे आणि किती सायकली घरी राहिल्यामुळे, यावर तिथले संख्याशास्त्रज्ञ आज तीस वर्षं भांडत आहेत. कोण बरोबर हे ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही. मुलांनी सायकल सोडली एवढं मला पुरतं. मेलबर्नने २०१० मध्ये भाड्याच्या सायकली सुरू केल्या. हेल्मेट जवळ नसलेल्या माणसाने वाटेत सायकल उचलायची कशी? मग हेल्मेट विकणारी यंत्रं बसवली, सायकलींना हेल्मेटं लटकवून ठेवली. लोकांना दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट नको होतं. योजना रडतखडत चालून २०१९ मध्ये बंद पडली. मेक्सिको सिटीने मात्र २०१० मध्ये सक्तीच उठवली आणि तिथली भाड्याची सायकल रुळली. सर्वांत बोलकी गोष्ट सिअ‍ॅटलची, म्हणजे ८५ टक्क्यांचा आकडा जिथून निघाला त्याच गावची. तिथल्या किंग काउंटीने २०२२ मध्ये आपला हेल्मेटचा नियम स्वतःच रद्द केला, कारण दंडाच्या पावत्या तपासल्यावर असं दिसलं की शहरातल्या जवळपास निम्म्या पावत्या बेघर माणसांच्या नावावर आहेत, आणि काळ्या सायकलस्वारांना त्यांच्या प्रमाणाच्या कितीतरी पट दंड झाला आहे. आपल्याकडे असा नियम आला तर चौकात कोण अडवला जाईल, हे पुण्यातल्या कोणत्याही माणसाला सांगता येईल. खडकवासल्याला निघालेला नक्कीच नाही.

हेल्मेट पाहून गाडीवाले सायकलला जास्त खेटून जातात, असाही एक दावा केला जातो. बाथ विद्यापीठातल्या इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून २००७ मध्ये तसं दाखवलं. सरासरी फरक साडेआठ सेंटिमीटरचा होता. बायकी केसांचा टोप घातल्यावर गाड्या त्याला आणखी जागा देत. सांगायला मजेदार गोष्ट आहे. पण तीच आकडेवारी पुन्हा तपासणाऱ्यांनी फरक नगण्य ठरवला आहे, तेव्हा माझा युक्तिवाद तिच्यावर उभा करण्यात शहाणपण नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. हेल्मेटशिवाय सायकल चालवणं हॉलंडात ठीक, तिथे सायकलींना स्वतंत्र रस्ते आहेत; पुण्यात कर्वे रस्त्यावर ही चैन कोणाला परवडते? यातलं पहिलं वाक्य खरं आहे, पण ते हॉलंड आपोआप झालं नाही. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तेव्हा तिथल्या आईबापांनी रस्ते अडवले, त्यांच्या चळवळीचं नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असं होतं. मोर्चे हेल्मेटच्या दुकानांवर गेले नाहीत, नगरपालिकांवर गेले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांना हात दिला, पुढच्या दशकांत गाड्यांचे वेग उतरले आणि सायकलींच्या वाटा बांधल्या गेल्या. आज तिथे म्हाताऱ्यांना आणि विजेच्या सायकलींवर बसणाऱ्यांना स्वेच्छेने हेल्मेट घाला असं सांगितलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण तो उपाय त्यांनी शेवटी हाती घेतला. आपण तोच पहिला घ्यायला निघालो आहोत. पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर केला. त्यातल्या ज्या वाटा रस्त्यावर उतरल्या, त्यांवर आज दुचाकी लावलेल्या, गाडे थाटलेले आणि मध्येच विजेचा डीपी उभा असं चित्र ठिकठिकाणी दिसतं. अशा वाटेवरून सायकलवाला खाली मुख्य रस्त्यावर उतरतो, आणि मग त्यालाच विचारायचं की बाबा, हेल्मेट का नाही? शिवाय पुणं हॉलंड नाही म्हणूनच हेल्मेटचा उपयोग इथे तोकडा पडतो. ताशी वीस किलोमीटरच्या आपटण्यासाठी बनवलेली वस्तू, ताशी साठने येणाऱ्या टेम्पोला उत्तर म्हणून पुढे करायची, हे त्या वस्तूवरही अन्यायाचं आहे. आणि सायकलवाले जितके जास्त, तितका एकेकाचा धोका कमी, असं पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांच्या आकड्यांवरून दाखवलं. डोळ्यांना सवय झालेली गोष्ट चालकाला दिसते. सायकली कमी करणारा कोणताही उपाय उरलेल्या सायकलवाल्यांना अधिक एकटं पाडतो.

अतिदक्षता विभागातला डॉक्टर यावर म्हणेल, तुमचे हिशेब राहू द्या, टाळता आली असती अशी एक कवटी मी रोज पाहतो. त्याच्या म्हणण्याचा मान ठेवूनही सांगावं लागेल की त्याला न आलेले रुग्ण दिसत नाहीत. सायकल सोडून बसून राहिलेला, मधुमेह नि रक्तदाब घेऊन वीस वर्षांनी येणारा माणूस त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जातो, आणि कोणी त्याच्या कागदावर ‘सायकल सुटली’ असं कारण लिहीत नाही. मग मोटारसायकलला सक्ती का, असंही विचारलं जाईल. विशेषतः हेल्मेटसक्तीविरुद्ध समिती स्थापून मोर्चे काढलेल्या या शहरात. तो कायदा मला पूर्ण मान्य आहे. यंत्राचा वेग तिप्पट-चौपट असतो, तो वेग इतरांनाही मारतो, आणि त्यासाठी परवाना लागतो. शिवाय एखाद्याने हेल्मेटला कंटाळून मोटारसायकल सोडलीच, तर शहराचं काही बिघडत नाही. सायकल टिकते ती तिला काही लागत नाही म्हणून. पेट्रोल नाही, परवाना नाही, तयारी नाही. कुलूप काढलं की निघालं. त्यात साध्या सायकलवाल्याला हजाराच्या घरातली वस्तू घ्यायला लावा, अंबाडा घालणाऱ्या बाईला ती कशी बसणार याचा विचार करू नका, पोचल्यावर ती ठेवायची कुठे तेही सांगू नका, म्हणजे ती सायकल लवकरच जिन्याखाली जाईल आणि घरात हप्त्याची स्कूटर येईल.

याच पुण्यात एके काळी सायकलवाल्याला नियम होते. नगरपालिकेचा बिल्ला लागे, डबलसीट बसल्यावर दंड होई, आणि रात्री दिवा नसला की पोलीस हटकत. पहिले दोन गेले ते बरंच झालं. तिसरा मात्र आपण विनाकारण हरवून बसलो. चाकाला घासून घरघरणारा डायनॅमो गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात जवळपास चार हजार सायकलस्वारांवर प्रयोग झाला. निम्म्यांच्या सायकलींवर दिवसरात्र लुकलुकणारे दिवे बसवले, बाकीच्यांच्या नाही. दिवेवाल्यांचे दुखापतीचे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. हा उपाय पडल्यानंतर नव्हे, पाडले जाण्याआधी कामाला येतो. बीआरएम नावाच्या शेकडो किलोमीटरच्या सायकलफेऱ्या करणाऱ्यांच्या नियमावलीतही हेल्मेटच्या शेजारी पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट असतं. आपण त्यातलं फक्त हेल्मेट उचललं. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला खरा, पण तो नव्या सायकलींना लागू. संध्याकाळी हडपसरच्या पुलाखालून जाणारी सायकल वीस वर्षांची आहे. पाठीमागच्या कॅरिअरवर बसणाऱ्या आणि नुकतं पायडल मारायला शिकणाऱ्या मुलांचं वेगळं. ती स्वतः निर्णय घेऊ शकत नाहीत, वरचेवर पडतातही, तेव्हा त्यांना आईबापांनी हेल्मेट घालावं, आणि हनुवटीखालचा पट्टा बोटभर सैल ठेवून नीट लावावा. मोठ्या माणसासाठी मात्र कारखान्यांच्या फाटकापासून सुरुवात करता येईल. तिथे दुचाकीवाल्यांची हेल्मेटं तपासायला माणूस बसलेलाच असतो. त्याच्या टेबलावर लाल परावर्तक पट्टीचं एक भेंडोळं आणि सेलवरच्या दिव्यांचा खोका ठेवावा. पाळी सुटताना येणाऱ्या प्रत्येक सायकलच्या मडगार्डला पट्टी लावून द्यावी, दिवा चालतो का पाहावं. मग हेल्मेट हवं का तेही विचारावं, हवं असेल तर कंपनीच्या खर्चाने द्यावं. आणि तो नको म्हणाला, तर जाऊ द्यावं.