बोल्ट ओढायला नसतो, धरायला असतो : ट्रॅक्टरची क्लच प्लेट बसवताना



एप्रिल-मे हा आपल्याकडं जमीन तापायचा आणि ट्रॅक्टर खोलायचा महिना. नांगरट उरकलेली असते, मृगाला म्हणजे ७-८ जूनला अजून अवकाश असतो. या दिवसांत ट्रॅक्टर चार दिवस वर्कशॉपमध्ये पडला तरी चालतंय. जूनमध्ये एक दिवस पडला तरी जीव वरखाली होतो. म्हणून यंदा माझ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट मी मे महिन्यातच बदलून घेतली आणि काम चालू असताना तिथंच बसून राहिलो. मी काही मिस्त्री नाही, दहावी पास शेतकरी आहे. पण पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय आणि जे डोळ्यांनी बघितलं ते लिहून ठेवायची सवय आहे.

क्लच गेल्याची लक्षणं तुम्हाला माहीत आहेतच. रोटाव्हेटर लावून चढाला निघालं की इंजिनाचा आवाज वाढतो पण चाक तेवढं पळत नाही. जळका वास येतो. किंवा उलटं, क्लच पूर्ण दाबूनही गिअर कर्र करून पडतो. खेळ सेट करूनही हे थांबलं नाही की ट्रॅक्टर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून वेगळा करावा लागतो. इथंच खरी गोष्ट आहे. प्लेटीपेक्षा खोलजोडीची मजुरी आणि गेलेला वेळ जड पडतो. म्हणून एकदा खोललं की ते परत खोलावं लागू नये, एवढाच या लेखाचा मुद्दा.

आता खोलण्यापासून सुरुवात करू. बॅटरीची वायर आधी काढायची. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. हे फार जण करत नाहीत. पुढचा ॲक्सल मध्ये एका पिनवर झुलतो, त्यामुळं ट्रॅक्टर वेगळा झाला की इंजिन एका अंगाला कलंडू शकतं. पाचर असली की कलंडत नाही. इंजिनाखाली आणि गिअरबॉक्सखाली जॅक आणि वर पक्का स्टँड पाहिजे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली हात घालू नये.

बोल्ट काढताना एक पुठ्ठा घ्या. त्यावर गोल काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच टोचून ठेवा. जोडणीचे सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. आखूड जागी लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो, वरून घट्ट वाटतो आणि जोड मात्र ढिला राहतो. लांब जागी आखूड गेला तर दोन-चार आट्यांवर सगळा भार येतो. पुठ्ठ्याची किंमत शून्य, पण काम लाखाचं.

खोलल्यावर घाई करून नवी प्लेट चढवायची नाही. आधी चार जागा बघायच्या.

पहिली, फ्लायव्हीलचा चेहरा. निळे डाग, बारीक तडे, गोल चरे दिसले तर लेथवर साफ करून घ्यावं लागतं, आणि तडा खोल असेल तर बदलावंच लागतं. काही फ्लायव्हील वाटीसारखे असतात, म्हणजे प्लेट घासते तो भाग आत आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो काठ वर. अशा ठिकाणी फक्त आतला भाग घासून चालत नाही. जेवढं आतून निघालं तेवढंच काठावरूनही निघालं पाहिजे, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि नवी प्लेटसुद्धा घसरते. लेथवाल्याला हे स्पष्ट सांगा.

दुसरी, तेल. इंजिनाच्या मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. जरा जरी पाझर असला तरी आत्ताच बदला. नव्या प्लेटीवर तेल आलं की ती गेलीच म्हणून समजा.

तिसरी, फ्लायव्हीलच्या मधलं छोटं पायलट बेअरिंग. बोटानं फिरवून बघा. खरखरलं की बदला.

चौथी, रिलीज बेअरिंग. हे डिझेलमध्ये धुवायचं नाही. बंद बेअरिंग असतं, आतलं ग्रीस धुवून गेलं की थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं.

फ्लायव्हील काढलं असेल तर बसवण्याआधी त्याची मागची बाजू आणि क्रँकचा दांडा जिथं त्याला टेकतो ती जागा चकचकीत पुसून घ्या. गंज, रंगाचा पापुद्रा, लेथचा बारीक कीस, काहीच राहू देऊ नका. केसाएवढा कचरा मध्ये राहिला तरी फ्लायव्हीलचा काठ डुलतो. ते डुलणं क्लचमध्ये थरथर म्हणून पायाला लागतं. काढायच्या आधी रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे पहिल्या जागीच बसतं. बोल्ट गोल-गोल क्रमानं न आवळता समोरासमोरचे आवळायचे, दोन-तीन टप्प्यांत, आणि शेवटी टॉर्क पान्यानं कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. "हाताला कळतंय" हे इथं चालत नाही. लॉक पत्र्या नव्या टाका. काही इंजिनांत या बोल्टांची भोकं आरपार तेलापर्यंत जातात, तिथं आट्यांना सीलंट लावावं लागतं, नाहीतर बोल्टातून तेल झिरपतं आणि दोष नव्या ऑइल सीलला लागतो.

आता प्लेट. आधी नुसती प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घालून बघा. स्प्लाइनच्या दात्यांवर ती हातानं सरसर सरकली पाहिजे. अडली तर प्लेट चुकीची आहे किंवा दाते खराब आहेत. प्लेटीला बाजू असते. बऱ्याच प्लेटींवर फ्लायव्हीलकडची बाजू कोणती ते छापलेलं असतं, ते वाचून घ्या. उलटी बसली तर मधला उंच भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच सुटतच नाही. दात्यांना ग्रीस अगदी बोटभर पुसल्यासारखं. जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटीवर बसतं. प्लेटीच्या घासणाऱ्या भागाला तेलकट हात लावू नका.

प्लेट मध्यावर धरायला डमी शाफ्ट लागतो. नजरेनं मध्य साधत नाही. डमी आत ठेवून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळायचे. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की कव्हर वाकतं. डबल क्लच असेल तर पीटीओची प्लेट वेगळी, मेन प्लेट वेगळी, दोन्ही मध्यावर पाहिजेत. मग फिंगरची उंची गेजनं मोजायची, सगळ्या फिंगर एका पातळीत.

इथपर्यंत बहुतेक मिस्त्री नीट करतात. खरी गडबड जोडताना होते.

माझ्या ट्रॅक्टरचा मागचा भाग ठोकळ्यांवर पक्का होता आणि पुढचा भाग ढकलत आणत होते. सगळं आत गेलं आणि शेवटचं बोटभर अंतर राहिलं. काम करणारा पोरगा चांगला होता, हाताला वेग होता. त्यानं चार लांब बोल्ट लावले आणि पाना उचलला. म्हणाला, "काका, एवढं तर ओढल्यावर बसतंय." तेवढ्यात वर्कशॉपचे जुने मिस्त्री चहाचा कप ठेवून उठले आणि त्याच्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाले, "बाळा, बोल्ट ओढायला नसतो, धरायला असतो. बसत नाही म्हणजे आत कायतरी अडलंय. ते काय ते बघ."

पोरगा परत वाकला. गिअर टाकलेला होता, फ्लायव्हील हळूहळू फिरवून मेन शाफ्ट जुळलेला होता. पण पीटीओच्या शाफ्टचे दाते जुळले नव्हते. पीटीओचा लिव्हर टाकून मागून शाफ्ट हातानं किंचित फिरवला आणि दोन्ही भाग खट करून एकमेकांना भिडले. एक पाना न लावता. वेळ लागला पाच मिनिटं.

ही पाच मिनिटं न दिल्यावर काय होतं ते मागच्या खरिपात आमच्या भावकीत बघितलं. त्यांच्या ट्रॅक्टरचं काम जूनच्या तोंडावर, घाईत झालं. अंतर राहिलं होतं, बोल्टानं ओढून घेतलं. जोड भिडला, ट्रॅक्टर चालू झाला, सगळे खूश. दोन दिवसांत गिअर पडेना, मग खालून खडखड सुरू झाली. परत खोलला तर प्लेटीचा मधला भाग वाकलेला, स्प्रिंगा तुटून बाहेर. त्यात ७५-१०० मिमीच्या आसपास पाऊस झाला, जमीन वाफशावर आली, गावभर पेरणी सुरू आणि यांचा ट्रॅक्टर दोन तुकड्यांत. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत चार दिवस गेले. भारी रानात निभावलं, हलक्या रानात वरचा थर सुकला आणि सोयाबीन विरळ उगवलं. मिस्त्री म्हणाला प्लेट डुप्लिकेट होती. दुकानदार म्हणाला फिटिंग चुकलं, लावलेली प्लेट परत घेत नाही. दोघांच्या मध्ये शेतकरी उभा. ना पैसे मिळाले, ना वाफसा परत आला.

असं का होतं ते समजून घ्या. विहिरीवरच्या मोटार आणि पंपाची कपलिंग आपण सगळ्यांनी बघितली आहे. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर बोल्ट कितीही आवळा, बेअरिंग जातंच. इथंही तेच. बोल्टानं ओढलं की दाते एकमेकांवर टेकून प्लेटीचा मधला भाग ढकलला जातो आणि सगळा जोर त्या पातळ पत्र्यावर येतो. जोडताना एका बाजूचं वजन शाफ्टवरून प्लेटीवर लटकत राहिलं तरी ती वाकते. म्हणून दोन्ही भागांची उंची जॅकनं सारखी करायची. समोरासमोरच्या दोन भोकांत डोकं कापलेले लांब बोल्ट गाईड म्हणून लावायचे, म्हणजे जोड सरळ रेषेत येतो. मध्ये वायर किंवा पाईप दबत नाही ना ते बघायचं. आणि दोन्ही कडा सगळीकडून हातानं भिडल्यावरच पाना उचलायचा. खात्री करायची तर हॅक्सॉचं पातं कडेनं फिरवून बघा, कुठंही आत जायला नको.

आता आपल्या गावातही ऑटोमॅटिक गाड्या आल्यात, म्हणून त्यांच्याबद्दलही थोडं. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक कारमध्ये जड फ्लायव्हीलच्या जागी पातळ पत्र्याची चकती असते, तिला फ्लेक्स प्लेट म्हणतात. एएमटी गाडीत मात्र नेहमीसारखाच क्लच असतो. या फ्लेक्स प्लेटीचाही नियम तोच, उलट जास्त कडक. टॉर्क कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसलेला पाहिजे. गिअरबॉक्स इंजिनाला भिडल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि तो व फ्लेक्स प्लेट यांच्यात काही मिलिमीटर जागा दिसली पाहिजे. मग तो पुढं सरकवून बोल्ट लावायचे. जागा न दिसता बोल्टानं ओढलं तर पंप फुटतो. फ्लेक्स प्लेट उलटी बसली तर सेल्फचे दाते नीट लागत नाहीत. आणि बोल्टांच्या भोवती तिला तडा गेला तर टकटक असा आवाज येतो, तो ऐकून काही जण इंजिनाचं बेअरिंग गेलं म्हणून इंजिन खोलायला सांगतात. आधी प्लेट बघून घ्या, मगच इंजिनाला हात लावा.

जोडणी झाल्यावर पेडलचा खेळ पुस्तकाप्रमाणं ठेवा, साधारण इंच-दीड इंच असतो. पहिल्या दिवशी रोटाव्हेटर लावू नका, हलकं काम करा. आठ-दहा तास चालल्यावर खालच्या भोकातून तेल येतंय का ते बघा आणि खेळ परत तपासा. आणि पाय क्लचवर ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडा, नाहीतर वरचं सगळं वाया.

शेवटी एक. आपण मिस्त्रीपुढं बोलायला संकोचतो. त्याचं काम त्याला कळतं, आपण कशाला मध्ये पडा, असं वाटतं. ते बरोबरच आहे, त्याच्या कामात सारखं बोट घालू नये. पण जोडायच्या वेळेला तिथं उभं राहा. शेवटचं अंतर राहिलेलं असताना पाना उचलला, तर नरमाईनं म्हणा, "दादा, जरा फिरवून बघा की, आत काय अडलंय का." चांगला मिस्त्री याचा राग धरत नाही. पाना खाली ठेवतो आणि वाकून बघतो.

मृगाला थोडेच दिवस राहिलेत. ज्यांचा क्लच कुरकुरतोय त्यांनी आत्ताच बघून घ्या. वाफसा कुणाच्या वर्कशॉपची वाट बघत नाही.

राम राम.