पानओवा लावा हो, पानओवा!

तुमच्या गॅलरीत पानओवा आहे का? नाही? मग हातातलं काम ठेवा आणि ऐका! मी बागकामातली जाणकार नव्हे, मला खतांची नावंसुद्धा धड येत नाहीत, पण हे झाड मला सापडलंय आणि ते कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आमची गिरगावातली चाळ, चौपाटीचा खारा वारा थेट गॅलरीत! शेजारच्या काकूंनी पानओव्याची फांदी मोडून हातात दिली, म्हणाल्या, ‘‘नुसती मातीत खोच गं!’’ आणि मग रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, मातीत मूठभर रेती मिसळली, फांदी खोचली, आणि मग तिने मुळं धरली, आणि मग कोंब फुटले, शेंडे खुडले तशी ती आणखीच दाट झाली! वारा खारा असो की ऊन कडक, हिला काही नाही! पान जाड, पाणी साठवणारं, म्हणून एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तरी चालतं! जपायचं ते पावसात. डब्यात पाणी साचलं की मुळं कुजतात.

आणि ते पान! जवळून बघा! मखमली लव, कडेला गोलसर दाते, पानं जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला बरोब्बर काटकोनात! चुरगाळलं की थेट ओव्याचा वास! गंमत म्हणजे मसाल्याचा ओवा कोथिंबिरीच्या कुळातला आणि हा तुळशीच्या! दोन वेगळी घराणी, पण तो वास देणारं थायमॉल दोन्हींत! क्युबात हीच पानं मांसाच्या मसाल्यात घालतात, व्हिएतनाममध्ये खोकल्यावर देतात, कर्नाटकात ताकातली तंबुळी करतात. केवढा मोठा गोतावळा!

आपल्याकडे मात्र भजी! बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ, तिखट, मीठ. अख्खं पान बुडवायचं आणि गरम तेलात सोडायचं! वरून कुरकुरीत, आत मऊ, आणि मग तो वास जिन्यापर्यंत जातो आणि दारात माणसं उभी!

बी नको, नर्सरी नको, महागडी कुंडी नको! चाळीत, इमारतीत कुणाकडे तरी पानओवा असतोच. आजच एक फांदी मागा आणि खोचा! आणि वाढली की एक फांदी पुढच्याला द्या, नक्की द्या!