गोळी, बाबा आणि माझा शहाणपणा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. हे तीन दिवस बाबांच्या डायलिसिसचे. चार तास ते मशीनवर आणि शेजारी मी, लॅपटॉप उघडून.

एका गुरुवारी घरी आल्यावर त्यांच्या हातावरची पट्टी रक्तानं भिजली. पंधरा मिनिटं दाबून धरलं, तेव्हा कुठे थांबलं. माझी तर जाम तंतरली! मग मी डोकं चालवलं. नक्की ती बीपीची गोळीच रक्त पातळ करत असणार. दोन दिवस दिलीच नाही.

शनिवारी बीपी निघालं १९०. ‘गोळी कुणी बंद केली?’ सिस्टरनी विचारलं. मी गप्प.

डॉक्टर ओरडले नाहीत, समजावलं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्याचा असर नंतरही थोडा वेळ राहतो. त्यात किडनी बिघडली की प्लेटलेट्सही नीट काम करत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी वेगळी, अ‍ॅस्पिरिनसारखी. बीपीची नव्हे. उलट बीपी चढलेलंच राहिलं, तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती! मशीनवर बीपी घसरतं, म्हणून काहींना त्या सकाळची गोळी नंतर घ्यायला सांगतात. पण ते ठरवणार डॉक्टर, आपण नाही.

परतताना बाबा म्हणाले, ‘अगं, मला वाटलं डॉक्टरांनीच बंद केली. तू देतेस म्हणजे बरोबरच असणार.’

सिग्नल हिरवा झाला तरी माझी गाडी हलेना. आता पट्टी भिजली, की मी आधी जागा दाबते आणि मग सेंटरला फोन लावते. डोकं ऑफिसात चालवते.