सारंगखेड्याच्या ओट्यावर उघडलेले जपानी इंजिन

१/ सारंगखेडा म्हटले की घोडेबाजार आठवतो. या धाग्यातही घोडे आहेत, परंतु ते एका लहानशा लोखंडी ठोकळ्यात कोंडलेले आहेत. २०२३ची दत्तजयंतीची यात्रा पांगल्यानंतर मी घराच्या मागच्या ओट्यावर आमच्या मारुती ८००चे इंजिन उघडले आणि पुढचे चार महिने ते पुन्हा बांधण्यात घालवले. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि उमगले, त्याची ही नोंद. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम गावाविषयी. तापीकाठच्या एकमुखी दत्ताच्या मंदिरापाशी मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा अशी जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. जाणता गिऱ्हाईक रंग आणि चाल पाहतोच, पण सौदा ठरण्यापूर्वी ओठ उचलून दात पाहतो. दुधाचे दात पडले का, पुढच्या दातांवरचे खळगे किती झिजले, यावरून वय ताडतात. घोड्याचे वय विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, घोड्याच्या तोंडातून कळते, हे इथले लहान मूलही जाणते.

३/ यंत्राची ताकद घोड्यात मोजण्याची पद्धतही बाजारातूनच आली. अठराव्या शतकात जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिने अशा लोकांना विकायची होती, ज्यांच्या गिरण्या आणि खाणी घोड्यांवर चालत. त्याने घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे धरले. आजच्या हिशेबाने सुमारे ७४६ वॅट. जातिवंत घोडा थोड्या वेळापुरती याहून कितीतरी अधिक ताकद लावतो, पण ती दिवसभर टिकत नाही. आमच्या मोटारीचे इंजिन जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे आहे.

४/ आता जपान. १९०९ साली मिचिओ सुझुकी यांनी हामामात्सु येथे हातमाग-यंत्रमागांचा कारखाना काढला. मोटार बनवणारी ही कंपनी मुळात विणकरांची. कापूस पिकवणाऱ्या खानदेशातील माणसाला हे नाते जवळचे वाटावे. या कंपनीची पहिली मोटार, ‘सुझुलाइट’, १९५५ साली आली.

५/ जपानने युद्धोत्तर काळात ‘केई’ नावाचा लहान मोटारींचा वर्ग आखला आणि त्यांना करात सवलती दिल्या. त्या वर्गाची मर्यादा १९७६ साली ३६० सीसीवरून ५५० सीसी झाली. सुझुकीने त्यात बसणारे ५४३ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन काढले. त्याच कुळातले, पण परदेशी बाजारांसाठी मोठे केलेले भावंड म्हणजे ‘एफ८बी’ : बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर, एकूण ७९६ सीसी. आपण ज्याला ‘आठशे’ म्हणतो, ते चार सीसीने कमीच आहे.

६/ मारुतीची कथा सर्वश्रुत आहे, थोडक्यात सांगतो. १९७१ साली स्थापन झालेली मूळ कंपनी मोटार बाजारात आणू न शकता बुडाली. १९८१ साली सरकारी मारुती उद्योग उभा राहिला, १९८२ साली सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मोटारीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली. तो मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष होता. दत्तजयंती आठवड्यावर आली होती. दिल्लीत किल्ली देण्याचा सोहळा होत होता, त्या दिवसांत सारंगखेड्यात घोडे उतरत असणार.

७/ तोवर आपल्याकडे मोटार म्हणजे अँबेसेडर किंवा कुर्ल्यात बनणारी पद्मिनी. दोन्हींची रचना पन्नाशीच्या दशकातली. इंजिन पुढे उभे, जोर मागच्या चाकांना. मारुतीत इंजिन आडवे बसवलेले आणि जोर पुढच्याच चाकांना. मधला लांब शाफ्ट गेला, वजन उतरले, जागा वाढली. गावोगावच्या मिस्त्रींना ही मांडणी नवी होती.

८/ आमची मोटार १९९४ सालची, कार्ब्युरेटरची, चार गिअरांची. तिच्या पाटीवर ‘एमएच १८’ आहे, म्हणजे धुळे. कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. आमच्या घरात जिल्ह्याहून वयाने मोठी अशी ती एक वस्तू. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती २००२ साली जुन्यात घेतली. ‘इंजिन एकदाही खोललेले नाही,’ असे तेव्हा विकणाऱ्याने शपथेवर सांगितले होते. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाडी चालवत नाहीत, पण तिचा आवाज ओळखतात.

९/ गेली दोन वर्षे ती निळा धूर सोडत होती, म्हणजे ऑइल जाळत होती. ऑगस्ट २०२४मध्ये फेरनोंदणी होती. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी तिचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालेले. घरात सरळ मत पडले : भंगारात द्या. दुसरा मार्ग म्हणजे भंगारातलेच दुसरे इंजिन आणून बसवणे. ते स्वस्तही पडले असते. पण इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तोच आर.सी.मध्ये लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की कागदोपत्रीही तो क्रमांक बदलावा लागतो. आप्पांनी मत दिले नाही. फक्त विचारले, ‘हीच चालेल का?’ प्रश्नातला जोर ‘हीच’वर होता.

१०/ कप्पी लावून इंजिन उतरवले. प्रत्येक वायसर-बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर खडूने नाव. हेड काढले तेव्हा तिन्ही पिस्टनांच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता. तो खरवडल्यावर खाली अक्षरे दिसली : ‘५०’. म्हणजे पिस्टन मूळ मापाहून अर्धा मिलिमीटर मोठे.

११/ पिस्टनची अक्षरे एक वेळ फसवतील, म्हणून बोअर मोजला. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला ऑइलचा थर विरळ आणि स्फोटाचा दाब सर्वाधिक, म्हणून तिथे झीज जास्त. खाली, जिथवर रिंगा पोहोचतच नाहीत, तिथे लेथवाल्याने दिलेले माप जसेच्या तसे राहते. तिथे गेज ६९.०० दाखवत होते. मूळ ६८.५०. विकणाऱ्याची शपथ बावीस वर्षांनी खोटी ठरली; इंजिन रिबोअर झालेले होते. आप्पांना सांगितले, तर ते हसून म्हणाले, ‘दात आता पाहिलेस होय!’

१२/ अर्ध्या मिलिमीटरपुढे या इंजिनाला मोठा पिस्टन सहसा मिळत नाही. मग उरतो स्लीव्हचा उपाय : ब्लॉक आणखी कोरायचा, त्यात नवी लोखंडी नळी दाबून बसवायची आणि ती मूळ मापाला आणायची. त्यासाठी ब्लॉक दोंडाईच्याला नेला. तिथले वयस्क लेथवाले मारुतीवर शिकलेले नाहीत. ते शेतातल्या ऑइल इंजिनांवर शिकलेले. खानदेशातील विहिरींवर डिझेलची इंजिने धडधडू लागली, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीतून बोअर, क्रँक आणि बेअरिंगचे ज्ञान तालुक्या-तालुक्यांत रुजले. हामामात्सुचे इंजिन इथे जगले, त्यात या पिढीचा मोठा वाटा आहे. त्यांच्या दुकानात आता शिकाऊ मुलगा नाही. ‘मोटर बसली विहिरीवर, मुलगा बसेल कशाला इथे?’ असे ते ब्लॉक बांधता बांधता म्हणाले.

१३/ बांधणी खोलण्याहून संथ असते. रिंग सिलिंडरात सोडून तिच्या टोकांतली फट मोजायची. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासायचे, सलग राखाडी कडे उमटेपर्यंत. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येक गोष्ट न टाळणे अवघड आहे.

१४/ एप्रिलच्या एका सकाळी ते सुरू झाले. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला एक विशिष्ट थरथर असते. चार सिलिंडरांच्या गाडीची सवय झालेल्या कानाला ती बिघाड वाटते. घरातले सगळे धूर पाहत होते. आप्पा पाहत नव्हते. खुर्चीत बसून ऐकत होते. काही वेळाने म्हणाले, ‘बंद कर आता. ऊन तापेल.’ ते समाधानाने बोलतात तेव्हा एवढेच बोलतात.

१५/ मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबले. आपल्या नियमांत पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणतात. पहिल्या तुकडीला तो मान २०३३ साली मिळेल, आमच्या गाडीला २०४४ साली. तोवर ती ना नवी, ना वारसा, निव्वळ जुनी. बहुतेक वस्तू इतिहास होण्याआधी याच मधल्या काळात नष्ट होतात. कोणी त्या मुद्दाम नष्ट करत नाही. दुरुस्त करणारा हात तेवढा मिळेनासा होतो.

१६/ ऑगस्टमध्ये फेरनोंदणी झाली. आर.सी.वर इंजिनाचा क्रमांक तोच आहे. माझ्या वहीत तिन्ही बोअरांची मापे, स्लीव्हची तारीख आणि लेथवाल्यांनी सांगितलेल्या चार युक्त्या लिहिल्या आहेत, म्हणजे पुढे जो कोणी ते उघडेल त्याला कोणाच्या शपथेवर विसंबावे लागणार नाही. आपल्या गावी असा जुना लेथ अजून चालू असेल, तर एकदा जाऊन बसा, विचारा, लिहून घ्या.