कणीएवढ्या अळ्या

पंचनाम्यावर सही करायला मला बोलावलं ते मी प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून नव्हे. कानडी लिहिलेलं वाचता येणारा आणि मराठीत सांगितलेलं समजणारा माणूस त्या दिवशी गावात हजर होता, एवढंच कारण. आमच्या सीमाभागात ही पात्रता माणसाला कुठं कुठं नेऊन उभी करते!

साल १९९१, भाद्रपद. भालकी तालुक्यातलं आमचं गाव. मंगळवारी संध्याकाळी नाल्याकाठच्या तुरीत एका सालगड्याचं प्रेत सापडलं. सोमवारी सकाळी घराच्या वाटणीवरून त्याचं धाकट्या भावाशी कडाक्याचं भांडण झालेलं. दुपारनंतर त्याला कुणी पाहिलेलं नाही. आणि भाऊ त्याच संध्याकाळच्या गाडीने हैदराबादला निघून गेलेला. सालगडी मेला तो भाऊ गावात असताना, की गेल्यावर? सारा प्रश्न तेवढाच.

प्रेताच्या नाकाशी आणि ओठांच्या कोपऱ्यांत अळ्या वळवळत होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. कुणीतरी ‘पाणी मारा’ म्हणालं, दुसऱ्याने लिंबाच्या डहाळीने सगळं झाडून टाकलं. मी गप्प राहिलो. माशीचं जीवनचक्र मी दरवर्षी फळ्यावर काढत असे, कॉलेजच्या कपाटात स्पिरिट होतं, एक शिशी मागितली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण त्या क्षणी ती मलाही घाणच वाटली. कानडी मजकूर वाचला आणि सही केली.

दिवाळीच्या फराळासोबत हे वाचणाऱ्यांची क्षमा मागतो. पण त्या कणीत काय दडलं होतं ते सांगायलाच हवं. निळसर-हिरवी चकचकीत माशी प्रेतावर काही मिनिटांत येते, पण ती अंडी घालते, बहुधा दिवसाउजेडी; आणि अंडं फुटायला आपल्या उष्म्यातही अर्धा ते एक दिवस लागतो. पाठीवर काळे पट्टे असलेली राखी माशी अंडी घालत नाही, जिवंत अळीच सोडते. म्हणजे त्या कण्या निळ्या माशीच्या असतील तर अंडी बहुधा सोमवारीच पडली. राखी माशीच्या असतील तर मंगळवार सकाळच्याही असू शकतील, तेव्हा भाऊ हैदराबादेत होता. नुसत्या डोळ्यांना दोन्ही अळ्या सारख्याच, पांढऱ्या.

गुन्ह्यात माशीची साक्ष काढण्याची कल्पना नवी नाही. चीनमधल्या सुंग त्सू या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली लिहिलेल्या ग्रंथात, गावातले सगळे विळे जमिनीवर मांडल्यावर एकाच विळ्यावर माश्या बसल्या आणि खुनी सापडला, अशी हकिकत आहे. जात ओळखण्याची नवी वाट मात्र मला निवृत्तीनंतर कळली. माझी एक जुनी विद्यार्थिनी कलबुर्गीला रसायनशास्त्र शिकवते, तिनं समजावलं.

कीटकाच्या अंगावर मेणाचा अगदी पातळ थर असतो, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे मेण म्हणजे मुख्यतः कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. कोणती साखळी किती, हे प्रमाण जातीजातीत वेगळं असतं. अळी थोडा वेळ हेक्झेनमध्ये बुडवली की मेण त्यात उतरतं. तो द्रव गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडला की साधारणपणे आखूड साखळ्या आधी, लांब मागून अशा बाहेर पडतात आणि शिखरांची एक रांग उमटते. २००७ साली चिनी संशोधकांनी माश्यांच्या नुसत्या रिकाम्या कोशांवरून सहा जाती वेगळ्या केल्या. २०२१ साली हॅना मूर आणि सहकाऱ्यांनी हीच रीत राखी माश्यांना लावली, ज्यांच्या जाती वेगळ्या करताना जाणकारही थकतात.

मला बिदरी आठवली. जस्तात चांदीचे तार ठोकून घासून काढलं की भांडं सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लागतो. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते आणि वेल उठून दिसते. वेल आधीही होतीच.

अर्थात, आधी प्रत्येक जातीच्या नमुन्यांची वही तयार हवी, नाहीतर शिखरं नुसती शिखरंच. उष्णतेचा हिशेब वेगळाच. आणि राखी माशी निघाली तरी भाऊ निर्दोष ठरतोच असं नाही. ती उशिराही आली असेल.

भाऊ पुराव्याअभावी सुटला. गावानं मात्र त्याला सोडलं नाही. त्याच्या घरचं पाणी कुणी घेईना. तो कायमचा हैदराबादला गेला. परवा त्याचा मुलगा माझ्याकडे आला. बाप वारल्याचं सांगितलं आणि म्हणाला, “सर, अप्पा म्हणायचे, त्या दिवशी तुम्ही तिथं होता.”

मी त्याला दोन्ही माश्या समजावून सांगितल्या. मान खाली घालून त्यानं सगळं ऐकलं.

“म्हणजे त्या अळ्या ठेवल्या असत्या तर कळलं असतं?”

“कदाचित,” मी म्हणालो.

चहा तसाच ठेवून तो उठला. हैदराबादची गाडी साडेपाचला होती.