धीर कोणी धरावा?

आमच्या कुंपणाची भिंत बांधणारा गवंडी मजुरीसाठी तिसऱ्यांदा दारी आला, तेव्हा आम्ही त्यास धीर धरावयास सांगितले. पैसे कपाटात होते.

त्याच रात्री कौटुंबिक प्रार्थनेत संत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय निघाला. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे सहनशील असा, हा बोध सातव्या वचनात आहे. धनिकांनी अडकविलेल्या मजुरीचा आक्रोश मात्र चौथ्यातच! पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या श्रमिकांविषयीच्या परिपत्रकात आधार घेतला तो याच चौथ्या वचनाचा. आम्ही गवंड्यास सातवे ऐकविले होते, आणि ज्यात आमचा उल्लेख होता ते सोयीस्करपणे वगळले होते!

पहाटेच पैसे घेऊन त्याचे घर गाठले. त्याने ते मोजलेही नाहीत. मूल तापाने फणफणले होते, आणि तो औषधासाठीच बाहेर पडत होता.