पद्मपाणी आणि तीन कॅमेरे

अजिंठ्याला जाताना बरोबर काय काय घ्यावे याची यादी आमच्या घरी सौभाग्यवती करतात. तीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि सर्वांत शेवटी मी असतो. यंदा मात्र यादीत तीन कॅमेरेही होते. याला कारण आमचे दादा.

दादा, म्हणजे माझे वडील, चित्रकलेचे मास्तर. १९६६ साली, विद्यार्थी असताना, त्यांनी आठ दिवस पहिल्या लेण्यात बसून पद्मपाणीची नक्कल केली होती. पुढे घरे बदलण्याच्या गडबडीत ती कुठे गेली कोण जाणे! आता गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत आणि काचबिंदूने दृष्टी कडेकडेने खात आणली आहे. “तो चेहरा एकदा नीट दाखव रे,” एवढेच ते म्हणाले. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षांच्या रंगांवर आपल्या हौसेचा मारा कशाला? तेव्हा प्रश्न उरला तो हा, की अंधारात कोणता कॅमेरा जास्त पाहतो?

फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवली, तिथल्या बसने चार किलोमीटर आत गेलो, पायऱ्या चढलो आणि जोडे काढून पहिल्या लेण्यात शिरलो. बाहेर ऊन रणरणत होते. आत पाय ठेवताच काही दिसेना. नुसता पायांखालचा गार दगड कळत होता. मग मंद दिव्याच्या उजेडात गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला तो हळूहळू उमटू लागला. आधी मुकुट, मग झुकलेली पापणी, मग हातातले नीलकमळ.

आमच्या मेहुण्यांनी गळ्यातला भारी कॅमेरा सरसावला. त्याच्या संवेदकाचा आकार ३६ गुणिले २४ मिलिमीटर, माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ सव्वादोनपट. “भावोजी, तुम्ही आज नुसते बघत राहा,” ते म्हणाले. मी बघतच होतो. पण त्यांच्या भिंगाकडे. ते दूरचे जवळ आणणारे भिंग एफ ४ च्या पुढे उघडत नव्हते. माझे साधे, एकाच अंतराचे भिंग एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे तेवढ्याच जागेवर पाचपट प्रकाश टाकते. वाड्याचे अंगण ऐसपैस, पण दिंडी अरुंद, अशी मेहुण्यांची गत! सेकंदाच्या तिसाव्या भागात मला आयएसओ १६०० पुरला, तिथे त्यांना ८००० लागला. त्यांच्या कॅमेऱ्यात हाताचे कापणे सावरण्याची सोय होती, आणि पद्मपाणी काही हलणारा नव्हे, म्हणून त्यांनी सेकंदाचा आठवा भाग देऊन पाहिला. कल्पना चांगली होती. पण तेवढ्यात एका सहलीतली चाळीसेक मुले आत शिरली, आणि त्यांच्या धक्क्यांपुढे कुठली सोय चालणार? आमच्या कन्येने तोवर मोबाईलवर काम उरकलेही होते. तो एका दमात अनेक छायाचित्रे घेतो, एकावर एक बसवतो आणि वरचे दाणे पुसून टाकतो. पडद्यावर लेणे दिवाळीसारखे उजळले होते. आम्ही दोघे गप्प झालो.

मला मेजर गिल आठवले. १८४४ पासून ते इथे वर्षानुवर्षे नकला करत बसले, आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. आमच्या हाताशी तर दहा मिनिटे होती. रखवालदार “चला, पुढे चला” म्हणतच होता.

घरी आल्यावर तिन्ही छायाचित्रे एकाच आकारात कागदावर छापून घेतली. कोणते कुणाचे हे दादांना सांगायचे नाही, असे ठरले. ते खिडकीशी बसले. हातात भिंग.

“हा कुणी नवा रंगवला?” मोबाईलचे चित्र त्यांनी बाजूला ठेवले. “भेगा कुठे गेल्या? पापणीची रेघ कुठे आहे? साबणाने धुतलाय याला.” कन्येचे तोंड उतरले. मेहुण्यांच्या चित्रावर ते बराच वेळ थांबले. “गेरू बरोबर आहे. पण सावलीत सगळा रवा सांडलाय.”

माझ्या चित्रावर ते काही बोललेच नाहीत. भिंग भुवईवरून ओठांकडे, ओठांवरून कमळाकडे गेले. मी मनातल्या मनात पेढे वाटू लागलो.

“इथे माकड होते,” ते एकदम म्हणाले.

मी वाकून पाहिले. मी उजेडाचा अंदाज चेहऱ्यावरून घेतला होता. मागचे डोंगर आणि झाडी काळोखात बुडाली होती. संगणकावर ती सावली उजळून पाहिली, तर माकडाऐवजी ठिपकेच वर आले. तसे मी त्यांना सांगितले.

“पेन्सिल आण,” दादा म्हणाले. भिंग डाव्या हातात धरून, नाक कागदाला लागेल इतके वाकून, चित्राच्या पांढऱ्या कडेवर त्यांनी आधी शेपटी काढायला घेतली.